अक्षरापूर्वीचे अंगण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आज आपण येथे जमलो आहोत, त्यांच्याविषयीची एक गोष्ट ह्या गावात अजून सांगितली जाते. वरचे वर्ग घेण्याइतकी ज्येष्ठता लाभल्यावरही त्यांनी पहिलीचा वर्ग सोडला नाही. माझी वाट नेमकी उलटी होती. मी महाविद्यालयात मराठी शिकवली. माझ्यापुढे बसणारा विद्यार्थी अठरा वर्षांचा असे आणि त्याला वाचता येते, हे मी गृहीत धरीत असे. ते त्याला कोणी शिकवले, आणि शिकण्यापूर्वी तो काय करीत होता, असा प्रश्न सेवेच्या पस्तीस वर्षांत मला पडला नाही. तेव्हा ह्या व्यासपीठावरून एखाद्या संतकवीविषयी बोलणे मला सोपे गेले असते. तरीही पहिलीच्याही अलीकडच्या, अजून अक्षरओळख नसलेल्या मुलाचा विषय मी निवडला. त्याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण सार्वजनिक आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळेची पहिली पायरी वयाच्या तिसऱ्या वर्षी आणून ठेवली. तीन ते आठ ह्या पाच वर्षांना त्या धोरणात पायाभूत स्तर म्हटले आहे. गोव्यात ह्या स्तराची अंमलबजावणी २०२३-२४ ह्या शैक्षणिक वर्षापासून सुरू झाली. बालवर्ग ही आता शाळेच्या पडवीत भरणारी वेगळी, ऐच्छिक गोष्ट राहिलेली नाही. ती शाळाच झाली आहे.

दुसरे कारण खाजगी आहे, आणि ते सांगताना मला थोडा संकोच वाटतो. १९८१ साली माझी थोरली मुलगी तीन वर्षांची झाली. प्राध्यापकाची मुलगी म्हणून तिला लवकर लिहिता यावे, अशी मला हौस. मी पाटी आणली, अक्षर काढून दिले आणि तिचा हात माझ्या हातात धरून गिरवून घेऊ लागलो. ती पेन्सिल मुठीत धरी. मी तिची बोटे सोडवून पुन्हा नीट लावी. ती पुन्हा मूठ आवळी. आठवडाभरात अशी वेळ आली की पाटी दिसली की ती माझ्या आईच्या पाठीमागे जाऊन लपे. शेवटी आईने पाटी उचलून फळीवर ठेवली आणि सुपात चिंचोके आणि भिरंडांच्या सुकलेल्या बिया एकत्र करून तिच्यापुढे ठेवल्या. मुलगी तासभर त्या निवडत बसली. एकेक बी अंगठा आणि तर्जनी ह्यांच्या चिमटीत धरून तिने दोन ढीग केले. मला ते मन रमवणे वाटले. ज्या चिमटीत पुढे पेन्सिल धरायची असते ती चिमटी तेथे तयार होत होती, हे मला फार उशिरा कळले.

आजच्या विवेचनाचे सूत्र एवढेच आहे. अक्षरापूर्वीची वर्षे ही अक्षराची वाट पाहत बसण्याची वर्षे नव्हेत. त्या वर्षांना स्वतःचे काम आहे, ते वयागणिक बदलते, आणि त्याची ओळख पटण्याचा मोठा इतिहास आपल्याच भाषेत घडलेला आहे.

१. पहिलीपासून सुरू झालेली शाळा

डिचोली, पेडणे आणि सत्तरी हे महाल पोर्तुगीज अमलाखाली आले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, नव्या काबिजादींचा भाग म्हणून. राज्य बदलले तरी येथील मराठी टिकली. देवळात कीर्तन-पुराण होते, घरात पोथी होती आणि देवळाच्या मंडपात किंवा एखाद्या सुखवस्तू घराच्या सोप्यावर पंतोजींची शाळा भरे. सरकारी शाळेचे माध्यम पोर्तुगीज होते. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि हिंदू समाजावरील बंधने सैल झाली. पण त्यापूर्वीच लोकांनी शिक्षणाची सोय स्वतः करण्यास आरंभ केला होता. पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ची. घरोघरच्या मूठमूठ तांदळांवर शाळा चालवावी, ही कल्पना तिच्या नावातच आहे. फोंड्याचे गोवा विद्याप्रसारक मंडळ १९११ सालचे. अशा संस्थांनी आणि असंख्य अनाम पंतोजींनी मराठी अक्षर जिवंत ठेवले. त्यांचे ऋण माझ्या पिढीवर फार मोठे आहे. मी स्वतः मुक्तीपूर्व काळात अशाच एका सोप्यावर पाढे म्हटले आहेत.

परंतु ऋण मान्य करूनही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. जी भाषा सरकारदरबारी परकी मानली गेली, तिची शाळा स्वाभाविकपणेच अक्षर राखण्याची शाळा झाली. मूल पाटी धरण्याजोगे झाले की शाळेत यायचे. त्यापूर्वीचे मूल शाळेच्या विचारात नव्हते. ते घराचे होते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६३च्या डिसेंबरात दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि खेडोपाडी सरकारी प्राथमिक शाळा उघडल्या गेल्या. ज्या वाड्यांवर कधी शाळा नव्हती तेथील मुली पाटीदप्तर घेऊन निघाल्या. गोमंतकाच्या सामाजिक इतिहासातील हा फार मोठा पालट. ही शाळाही पहिलीपासून सुरू झाली, आणि त्या काळी ते पुरेसे होते.

ते पुरेसे का होते, ह्याचा विचार आपण क्वचितच करतो. मुलाची पहिली पाच-सहा वर्षे रिकामी नव्हती. अंगण शेणाने सारवलेले होते आणि त्या अंगणात सर्व वयांची मुले एकत्र असत. सात वर्षांची बहीण तीन वर्षांच्या भावाला सांभाळी. चवथीच्या दिवसांत माटोळी बांधताना चार वर्षांच्या मुलाच्या हातात आंबाडे, तवशी, कवंडळे, चिबूड, सुपारीचे घोस एकामागून एक येत. नाव कळे, वास कळे, जड-हलके कळे. शिगम्याच्या मांडावर ढोल-ताशाचा ठेका लहान पायांना आपोआप सापडे. हे सगळे फार रम्य होते, असे मला म्हणायचे नाही. त्याच अंगणात मुले गोवराने आणि हगवणीने दगावत, आणि भाऊ सांभाळणारी ती सात वर्षांची बहीण स्वतः शाळेत जात नसे. तिचा विषय पुढे येणार आहे.

आज ते अंगण उरले नाही. एकत्र कुटुंबे विभागली, आईवडील दोघेही नोकरीला जाऊ लागले. ह्या तालुक्यात तर खनिजाच्या ट्रकांनी अनेक वर्षे रस्ते असे व्यापले होते की लहान मूल दाराबाहेर सोडण्याची सोय नव्हती. जे काम घर आणि वाडा मिळून नकळत करीत असत, ते आता कोणीतरी जाणूनबुजून करावे लागणार आहे. ते कसे करावे हे मराठी समाजाला दाखवणारी माणसे होऊन गेली आहेत.

२. भावनगर, दादर, बोर्डी, कोसबाड

जर्मनीत फ्रोबेलने आपल्या बालशाळेला १८४० साली ‘किंडरगार्टन’ म्हणजे मुलांची बाग हे नाव दिले. १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो ह्या कामगारवस्तीत मारिया माँटेसोरी ह्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. माँटेसोरी व्यवसायाने वैद्य होत्या. मूल बोलते ते ऐकण्यापूर्वी त्यांनी मूल काय करते ते पाहिले. जन्मापासून तिसऱ्या वर्षापर्यंत मूल आसपासचे सारे नकळत शोषून घेते. तीन ते सहा ह्या काळात शोषलेले ते हाताने पुन्हा करून पाहते. म्हणून तीन ते सहाची मुले त्यांनी एकाच खोलीत ठेवली: धाकट्याने थोरल्याचे पाहावे, थोरल्याने धाकट्याला दाखवावे. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवणे हे त्यांच्या पद्धतीत लेखनाआधी येते, आणि त्याच्याही आधी दट्ट्या चिमटीत धरून खाचेत बसवणे येते. आईच्या सुपातील चिंचोके मला आठवतात ते येथे.

हा विचार आपल्याकडे आला तो गुजरातमार्गे. गिजुभाई बधेका हे वकील. त्यांनी वकिली सोडली आणि १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. त्यांना तेथे येऊन मिळाल्या त्या ताराबाई मोडक. १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाई राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्या होत्या. मानाची जागा सोडून त्या बालमंदिरात आल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षणपत्रिका’ मराठीतून काढून ताराबाईंनी हा विचार मराठी घरांत पोहोचवला आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केले. पुढे १९३९ साली माँटेसोरी स्वतः मद्रासजवळच्या अड्यारला आल्या आणि युद्धकाळात भारतातच राहिल्या.

परंतु एक विपर्यास घडत होता. रोमच्या कामगारवस्तीत जन्मलेली पद्धती आपल्याकडे सुखवस्तू घरांची झाली होती. तिची साधने महाग होती. १९३१ साली लंडनमध्ये माँटेसोरींच्या भेटीच्या प्रसंगी गांधीजींनी हेच सुचवले होते: हे शिक्षण श्रीमंतांप्रमाणे दरिद्री मुलांनाही मिळावे. ताराबाईंनी हा प्रश्न स्वतःला विचारला. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ साली, त्या दादर सोडून ठाणे जिल्ह्यातील, आताच्या पालघरमधील, बोर्डी ह्या समुद्रकाठच्या गावी गेल्या. त्याच वर्षी त्यांना अनुताई वाघ भेटल्या. अनुताई १९१० सालच्या. बालवयात लग्न झालेल्या आणि काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या ह्या मुलीने शिक्षण पुरे केले आणि त्या शिक्षिका झाल्या. बोर्डीला गेल्या त्या पुन्हा परतल्याच नाहीत. १९९२ साली त्यांचे निधन झाले तोपर्यंत त्यांनी हेच एक काम केले.

बोर्डीला बालवाडी उघडली. पण ज्यांच्यासाठी उघडली ती दलित आणि आदिवासी वस्तीतील मुले आली नाहीत. तेव्हा ह्या दोघींनी बालवाडीच उचलून वस्तीवर नेली आणि झोपडीपुढच्या अंगणात भरवली. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर बोलला जाणारा शब्द ह्या प्रयोगाचे अपत्य. साधनेही अंगणातलीच: शिंपले, खडे, पाने, बिया, माती. महाग साधनाचा जो हेतू, तो साधला की साधन कशाचे आहे ह्याला महत्त्व नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

१९५७च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेले. तेथे एक अडचण ठळक झाली. शाळेच्या वयाची मुलगी शाळेत येत नसे, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असे. आईबाप मजुरीला गेलेले. गुरे राखणारा मुलगा येत नसे, कारण गुरे सोडून येणार कसा? ताराबाई-अनुताईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला ‘विकासवाडी’ म्हटले. मुलीने कडेवरचे मूल पाळणाघरात द्यावे, मधले बालवाडीत सोडावे आणि स्वतः वर्गात बसावे. गुराख्यांसाठी कुरणातच शाळा भरवली, तिचे नाव ‘कुरणशाळा’. मघाशी सांगितलेली आपल्या अंगणातील ती बहीण विकासवाडीत शाळेत जाऊ शकली असती. वयागणिक वेगळी व्यवस्था हवी, आणि त्या व्यवस्था एकमेकींच्या शेजारी हव्यात, हा कोसबाडचा धडा आहे.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्राला अंगणवाडी हेच नाव मिळाले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी ह्या कामांनी ह्या योजनेने असंख्य मुले जगवली. मात्र तिच्या सहा सेवांपैकी तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे पूर्वशिक्षण ही सेवा बहुधा मागे पडली. वजनाचा तक्ता, आहाराची वही आणि घरभेटी ह्यांत सेविकेचा दिवस सरतो. अंगणवाडी हे नाव सर्वत्र पोहोचले. अंगणात चालणारे काम मात्र तितके पोहोचले नाही.

३. वयागणिक काम

हे काम म्हणजे नेमके काय, ते मी सामान्य माणसाच्या भाषेत मांडतो.

तीन वर्षांखालच्या मुलाला वर्ग नको असतो. ओळखीची मांडी हवी असते. ते ‘ब-ब’ म्हणते आणि कोणीतरी त्याच्याकडे पाहून उत्तर देते. ह्या देवाणघेवाणीतून भाषा उभी राहते. चित्रवाणी संच पुष्कळ बोलतो, पण मुलाला उत्तर देत नाही. म्हणून पाळणाघरात थोड्या मुलांमागे एक बाई, आणि तीच बाई रोज, ही पहिली गरज.

तीन ते चार ह्या वयाचे मूल दुसऱ्या मुलाशेजारी बसून आपला वेगळा खेळ खेळते. हळूहळू ते दोन खेळ एक होतात. त्याला धावायला, चढायला, ओतायला, भरायला हवे. एका भांड्यातील पाणी दुसऱ्यात न सांडता ओतणे हा त्या वयाचा अभ्यास आहे. ते एका वेळी एकच भेद पाहते: लाल आणि पिवळा, किंवा मोठा आणि लहान. घरून आल्यावर रडते, आणि त्या रडण्याची समजूत घालणे हा वेळेचा अपव्यय नसून त्या दिवसाचा पहिला पाठ असतो.

चार ते पाच हे सोंग घेण्याचे वय. करवंटीचा टोप होतो, काठीची बस होते, एक मुलगी डॉक्टर होते. जी वस्तू समोर नाही ती आहे असे मानणे, ही शक्ती येथे वाढते. पुढे ‘क’ ह्या रेघोट्यांत ‘क’ हा ध्वनी आहे असे मानता येते ते ह्याच शक्तीच्या बळावर. ह्या वयाला गोष्ट हवी. तीच गोष्ट पुन्हा हवी. आणि मग मुलाला ती स्वतः सांगायला मिळाली पाहिजे. बडबडगीताच्या तालावर टाळ्या वाजवताना ‘कमळ’ तीन टाळ्यांचे आणि ‘घर’ दोन टाळ्यांचे हे मुलाला कळते. मराठी लिपी शिकण्याची ही खरी पूर्वतयारी आहे.

पाच ते सहा ह्या वयात मूल शब्दाचा पहिला ध्वनी वेगळा ऐकू लागते. दहा बिया मोजताना एका बीला एकच अंक लावते. नुसते पाढ्यासारखे म्हणत नाही. खेळाचा नियम पाळते आणि आपली पाळी येईपर्यंत थांबते. बोटांना दोरा ओवता येतो, मातीची गोळी वळता येते, रांगोळीचे ठिपके जोडता येतात. आता अक्षर आले तर मूल त्याला सामोरे जाते. येथेही सर्व मुले एका दिवशी तयार होत नाहीत. म्हणून वर्गात तीन-चार वेगळी कामे एकाच वेळी चालू असावी लागतात.

हा क्रम ज्याला उमगला तो तीन वर्षांच्या मुलाला ओळी लिहायला लावणार नाही. मी लावल्या, कारण मला तो क्रम माहीत नव्हता.

४. उदक आणि पाणी

आता मराठीचा प्राध्यापक म्हणून मला जे बोलणे अवघड जाते ते बोलतो. आमच्या गोव्यात भाषेचा वाद मोठा आहे. १९६७चा जनमतकौल, १९८७चा राजभाषा कायदा, प्राथमिक शाळांच्या अनुदानाविषयी १९९० आणि २०११ साली झालेले निर्णय, ह्या साऱ्यांत मी मराठीच्या बाजूने उभा राहिलो आणि आजही माझे मत बदललेले नाही. मात्र हा वाद आपण पहिलीच्या उंबरठ्यावर लढलो. त्याच्या अलीकडच्या मुलाला आपण कोणीच विचारले नाही.

डिचोलीतील तीन वर्षांचे मूल तहान लागली की ‘उदक’ मागते. बालवर्गातील बाई त्याला कधी ‘पाणी म्हण’ असे सांगतात, कधी ‘वॉटर म्हण’. दोन्ही ठिकाणी मुलाला एकच गोष्ट कळते: आपला शब्द येथे चालत नाही. असे चार वेळा झाले की ते मागायचे सोडते. ज्या वर्गात मूल गप्प झाले, त्या वर्गात पुढे कोणतीही भाषा रुजणार नाही, मराठीही नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, मुलाने उदक मागितले तर आधी उदक द्यावे. मग बाईंनी गोष्टीतून, गाण्यातून ‘पाणी’ हा शब्द त्याच्या शेजारी आणून ठेवावा. दोन शब्द एका मुलाच्या तोंडी सुखाने नांदतात. आमच्या पूर्वजांनी घरी एक आणि पोथीत दुसरी अशा दोन्ही भाषा शतकानुशतके नांदवल्या. आपण त्यांचेच वारस आहोत. २०२०च्या धोरणानेही आरंभीच्या शिक्षणात घरच्या भाषेला अग्रस्थान दिले आहे.

५. आपल्या हाती काय आहे

२०२४ साली केंद्र शासनाने तीन ते सहा वयोगटासाठी ‘आधारशिला’ हा अंगणवाडीचा अभ्यासक्रम आणि तीन वर्षांखालील मुलांसाठी ‘नवचेतना’ हा आराखडा जाहीर केला. दोन्हींचा भर खेळावर आहे. ताराबाईंच्या बोर्डीनंतर जवळजवळ ऐंशी वर्षांनी हे घडले, ह्याचे समाधान मानावे. परंतु कागद आणि वर्ग ह्यांच्यामध्ये एक माणूस उभा असतो, आणि तो म्हणजे बालवर्गाच्या बाई. ज्या वर्गाला सर्वांत अधिक समज लागते त्या वर्गाच्या शिक्षिकेला सामान्यतः सर्वांत कमी वेतन मिळते. पालक तिला एकच प्रश्न विचारतात: मूल लिहायला कधी लागणार? तिला क्रम माहीत असला तरी ह्या प्रश्नापुढे तिचा निरुपाय होतो. तीन वर्षांच्या मुलांच्या वह्या भरतात त्या पुष्कळदा बाईंच्या अज्ञानामुळे नव्हे, आपल्या घाईमुळे.

म्हणून माझी विनंती माजी विद्यार्थ्यांना आहे. शाळेला देणगी देताना आपल्याला इमारत आणि संगणक आठवतात. बालवर्गासाठी वाळूचा हौद, पाण्याची भांडी, मातीचा ढीग आणि सावलीचे अंगण द्या. त्याला फार पैसा लागत नाही. बाईंच्या प्रशिक्षणाला आणि मानधनाला हातभार लावा. आणि आपल्या मुला-नातवंडांना घ्यायला याल तेव्हा ‘आज काय लिहिलेस?’ असे न विचारता ‘आज काय केलेस?’ असे विचारा. उत्तर ऐकायला थोडा वेळ थांबा.

गुरुजी पहिलीत का राहिले, हे मला आज थोडेसे कळते. त्यांना प्रत्येक वर्षी जूनमध्ये जी मुले मिळत, ती कोणीतरी आधी बोलती केलेली, मोजती केलेली, चिमटी आलेली अशी असत. ते काम करणाऱ्या आया, आज्या आणि बहिणी ह्यांची नावे कोणत्याही हजेरीपटावर नाहीत. आता ते काम शाळेच्या हजेरीपटावर आले आहे. ते त्यांच्याइतक्याच सबुरीने व्हावे, एवढीच गुरुजींच्या स्मृतीपुढे माझी प्रार्थना.

माझ्या मुलीच्या त्या पाटीचे काय झाले, असे कोणी विचारील. ती फळीवर दोन वर्षे राहिली. एके दिवशी मुलीने ती स्वतः मागून घेतली आणि तीवर आधी एक मासा काढला. अक्षर त्यानंतर आले.